वरून दिसलेला माणूस

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता.

म्हणजे... मला तसं वाटलं.

दुपारचं चाचणीचं उड्डाण आटोपून आम्ही नुकतेच उतरलो होतो. विमानाच्या पोटातल्या कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर घेऊन मी हँगरच्या कोपऱ्यातल्या माझ्या टेबलाशी बसले होते. तळ्याकाठची पाणथळ जमीन, पाणगवताची हिरवी बेटं, मधूनच लकाकणारं पाणी... एकेक फोटो सरकवता सरकवता हात एकदम थांबला. गवताच्या दोन बेटांमधल्या चिखलात एक माणूस पालथा पडला होता. हात पसरलेले, पाय ताणलेले, तोंड खाली.

नांगर फिरवावा तशा आम्ही आभाळात उलटसुलट फेऱ्या मारतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा, म्हणजे नकाशात कुठे फट राहत नाही. त्यामुळे तीच जागा पुढच्या पट्ट्यातही आली होती. मी घाईघाईने तो उघडला. माणूस तिथेच. तसाच. त्याच्या पुढच्या पट्ट्याच्या कडेला नुसते पाय दिसत होते — तेही तसेच.

"काका!" मी किंचाळलेच.

कॅप्टन काका म्हणजे आमचे वैमानिक. पळत सुटावं अशी कुठलीही गोष्ट जगात नाही, असं त्यांचं ठाम मत. चहाचा कप घेऊनच ते आले, पडद्यावर वाकले.

"झोपला असेल गं."

"चिखलात? पालथा?"

"कुणाला कुठे झोप लागेल सांगता येत नाही पोरी. माझा मेव्हणा स्वतःच्या लग्नात उभ्या उभ्या झोपला होता."

"काका, गाडी काढा!"

बांधापर्यंत गाडी गेली, पुढे मी पळाले. पाचव्या-सहाव्या ढांगेलाच चिखलाने गुडघ्यापर्यंत गिळलं आणि एक बूट ठेवून घेतला. तशीच लंगडत, पडत, धडपडत मी गवताच्या आड पोचले. तो होता. पालथाच.

"अहो! अहो... ऐकताय का?"

काही नाही. मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

"अहो, जिवंत आहात का?"

"मी आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पण तुम्ही ज्यांच्यावर उभ्या आहात, ती बहुतेक नसतील."

मी खाली पाहिलं. माझ्या अनवाणी पावलाखाली बोटभर उंचीची चार हिरवी पाती आडवी झाली होती. मी एका पायावर उभी राहिले, आणि अर्थातच बदकन चिखलात बसले.

आता मात्र तो उठला. उठतच राहिला... इतका उंच माणूस होता. रुंद फळीवर पालथा झोपून तो नवे कोंब मोजत होता — उभं राहिलं तर रुततो म्हणून. चष्म्याची एक काच चिखलाने भरलेली, दुसरीतून एक डोळा माझ्याकडे रोखून बघत होता.

"तुम्ही कोण?"

"मी... वरची." मी आभाळाकडे बोट केलं.

"वरची?"

"विमानातली. तुमचे फोटो आलेत आमच्याकडे. तीन."

"बरे आलेत का?"

"मेलेले दिसताय तुम्ही."

"फोटोत मी नेहमीच तसा दिसतो," तो म्हणाला, आणि मग हसला. चिखलाच्या मुखवट्यातून एकदम पांढरेशुभ्र दात. मला खूप राग यायला हवा होता. पण... नाही आला.

माझा बूट शोधायला त्याने खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. आधी एक बाटली निघाली, मग एक बूट. कुणाचा तरी जुनापुराणा.

"हा?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या आधीही कुणीतरी मला वाचवायला आलं होतं."

माझा बूट काही त्या दिवशी मिळाला नाही. त्याने स्वतःचे गुडघाभर उंचीचे रबरी बूट काढून मला दिले आणि अनवाणी, लांब लांब टांगा टाकत मला गाडीपर्यंत पोचवलं. प्रत्येक पाऊल उचलून क्षणभर हवेत धरायचं, जागा बघायची, मग टाकायचं.

"बगळाच आहे की हा!" कॅप्टन काका गाडी वळवताना म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव बगळाच पडलं.

बगळा आठवड्याभरात हँगरवर आला. हातात माझा बूट — धुतलेला, वाळवलेला, नवी नाडी घातलेला.

"सापडला. पण एक अडचण आहे."

"कसली?"

"आता माझे बूट मला परत न्यावे लागणार. म्हणजे पुन्हा इथे यायला काही कारणच उरत नाही."

माझे कान तापले. काका कुठलासा नट पिळत होते. त्यांना अचानक खोकल्याची उबळ आली.

कारण मात्र त्याच्या-माझ्या हातात नव्हतंच, ते आधीच तयार होतं. तो तळ्याकाठच्या संशोधन केंद्रात वनस्पतींचा अभ्यास करायचा. तळ्यावरचं पाणगवत वर्षागणिक मरत चाललं होतं. गवत गेलं की पक्षी जाणार, मासे जाणार, काठ ढासळणार. म्हणून गेली चार वर्षं तो स्वतःच्या हाताने नवी लागवड करत होता. आणि गावच्या तळे समितीने ठरवलं होतं की पूर्ण पाणथळीचा नकाशा करून घ्यायचा. नकाशा बघून निर्णय होणार होता — पाणथळ राखायची, की काठ भरून तिथे बोटींचा धक्का बांधायचा. वरून फोटो माझे, खालून पडताळणी त्याची. दोघांची वरात एकाच गाडीतून निघणार होती.

मी त्याला विमानात नेऊन कॅमेरा दाखवला. विमानाच्या तळाला ताटाएवढं भोक आहे, त्यावर तो बसवलेला असतो. चार भिंगं, शेजारी शेजारी.

"चार डोळे," तो वाकून म्हणाला. "माझ्यासारखेच." आणि त्याने चष्मा वर सारला.

"तुमच्या चारांना जे दिसत नाही ते याच्या एकाला दिसतं. हे शेवटचं भिंग आहे ना... लाल रंगाच्याही पलीकडचा एक प्रकाश असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. निरोगी पान तो भरभरून परत फेकतं. मग पडद्यावर आम्ही त्याला लाल रंग देतो. पान आजारी असेल तर ते मलूल, काळपट दिसतं. आपल्या डोळ्यांना दोन्ही हिरवीच."

"म्हणजे लालबुंद ते धडधाकट."

"हो."

"मग तुमचे कान अगदी ठणठणीत आहेत."

काकांना पुन्हा खोकला आला. त्या दिवशी त्यांची तब्येत फारच बिघडलेली होती.

नकाशासाठी जमिनीवर खुणा लागतात — मोठे पांढरे कापडी क्रॉस, वरून स्पष्ट दिसतील असे. खालची त्यांची नेमकी जागा माहीत असली की फोटो बरोबर जागेवर बसवता येतात. ते क्रॉस माझी आई शिवून द्यायची. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं शिवणाचं दुकान. मशिनीच्या एका बाजूला लोकांच्या पँटी आखूड व्हायला टांगलेल्या, दुसऱ्या बाजूला माझे पांढरे क्रॉस. ते न्यायला बगळा घरी आला. दाराची चौकट चुकवायला वाकला, टांगलेल्या पँटींमधून वाट काढत आत शिरला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि आईने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला "हो काकू", "नाही काकू" करत राहिला.

तो गेल्यावर आई बराच वेळ सुईत दोरा ओवत होती.

"बोल की काहीतरी," मी म्हटलं.

"पाय पुसून आत आला."

"मग?"

"जाताना पायपुसणं जिन्यात नेऊन झटकलं, परत आणून सरळ अंथरलं." ओवलेला दोरा तिने दाताने तोडला. "तसा मुलगा बरा आहे. पण पोरगी आभाळात आणि पोरगा चिखलात... तुमची गाठ पडायची कुठे?"

"आई! काहीतरीच काय!"

"कान बघ आरशात."

कामाच्या दिवशी घोटाळा झाला. वाऱ्याने तळ्याचं पाणी काठावर ढकललं आणि लागवडीच्या बाजूचे क्रॉस बुडाले. कुठे काय लावलंय ते वरून दाखवणारं कुणीतरी विमानात हवं होतं. काकांनी खांदे उडवले. "बगळ्याला घ्या. नाहीतरी पक्ष्याने उडायला काय हरकत आहे?"

बगळ्याचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा पडला.

"मी आयुष्यात सगळ्यात उंच कुठे चढलोय माहितीये?" तो पट्टा बांधता बांधता म्हणाला. "स्टुलावर. बल्ब बदलायला."

"मग?"

"बल्ब ताईने बदलला."

विमान उडालं. भोकातून वाऱ्याचा थंडगार झोत आत येत होता, माझे केस कानातल्या हेडफोनभोवती नाचत होते. मी कॅमेऱ्याशी उकिडवी बसलेली, तो माझ्या शेजारी डोळे गच्च मिटून. पहिला पट्टा संपला. वळण घ्यायला काकांनी विमान एका कुशीवर केलं — आणि माझ्या जाकिटाची बाही कुणीतरी अशी पकडली की शिवण करकरली.

"सोडू नकोस," तो पुटपुटला.

"मी कुठे काय धरलंय? धरलंयस तू."

इंजिनाचा एवढा गोंगाट, पण त्यातही ते दोन शब्द स्पष्ट ऐकू आले होते — त्याचं 'नकोस' आणि माझं 'तू'. परत घ्यायची सोय नव्हती. हेडफोनमधून काकांचा आवाज आला, "मी ऐकत नाहीये हं."

"डोळे उघड," मी म्हटलं. "एकदाच. लांब बघ, अगदी खाली नको."

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. भीती त्याच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळावं तशी ओघळून गेली. खाली त्याचं तळं होतं... सगळंच्या सगळं. गवताच्या बेटांमधून पाण्याच्या वाटा वेणीसारख्या गुंफत गेल्या होत्या. पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा आमच्या सावलीला बिचकून उठला आणि पुन्हा बसला.

"ते बघ... तो वाकडा चौकोन. ते माझं आहे." त्याने बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "एवढंसंच आहे?"

"वरून सगळंच लहान दिसतं."

"नाही गं. चार वर्षं घालवलीत मी तिथे. मला वाटायचं, अर्धं तळं तरी झालं असेल."

तो हसत होता, पण त्याचे डोळे भरले होते. मी कॅमेऱ्याकडे वळले. पट्टा सुरू झाला होता. चुकवून चालणार नव्हतं. त्याने बाही काही सोडली नाही. मीही सोडवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोटो जोडायला घेतले. एकेक तुकडा जागेवर बसत गेला आणि पाणथळ पडद्यावर उमलत गेली — लाल, गुलाबी, किरमिजी. मग वाकडा चौकोन आला.

तो काळा होता.

आजूबाजूच्या आजारी गवताहूनही काळा. मी सावली तपासली, सूर्याचा कोन तपासला, कॅमेराच कुठे बिघडलेला असू दे असं देवाला मनातल्या मनात सांगून बघितलं. सगळं ठीक होतं. बगळ्याची लागवड मरत होती, आणि तो ज्या हिरव्या पात्यांकडे रोज मायेने बघत होता, त्यांनी अजून त्याला ते कळवलेलं नव्हतं.

मी त्याच्या केंद्रावर गेले. दारात चिखलाच्या बुटांची रांग, आत काचेच्या बरण्यांमध्ये मुळं, खिडकीत वाळत घातलेले मोजे. मला बघून तो इतका खुलला की परत फिरावंसं वाटलं. पण सांगितलं. पडदा उघडून दाखवलं.

त्याने त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"पानं हिरवी आहेत," तो म्हणाला.

"हो."

"मी रोज बघतो त्यांना."

"माहितीये रे..."

"वरून एक चक्कर मारून सांगणं सोपं असतं."

"ती चक्कर मारली तेव्हा तू माझ्या शेजारी होतास."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमचा नकाशा समितीला देऊन टाका. तुमचं काम झालंय."

तुमचा. एवढासा शब्द... पण थप्पड बसावी तसा बसला.

घरी आले तेव्हा आईच्या तोंडात टाचण्या होत्या. माझं तोंड बघून तिने त्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या.

"काय झालं?"

सांगितलं सगळं.

"खरं तेच सांगितलंस ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

"खरं सांगितलं म्हणूनच तर!"

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "चुकीची शिवण उसवताना कापडसुद्धा कुरकुरतं गं," ती म्हणाली. "म्हणून का तसंच अंगात घालायचं?"

समितीच्या सभेपर्यंत त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही; रोज दहा वेळा हातात घेतला, दहा वेळा ठेवला.

सभागृहात करकरणाऱ्या खुर्च्या होत्या आणि दमट गरम हवा. नकाशा भिंतीवर लागला. बोटक्लबचे सचिव उठले. गोड बोलणारा माणूस. "तज्ज्ञांनीच गेल्या वर्षी सांगितलंय की नवी लागवड छान रुजतेय. म्हणजे काही जण म्हणतात तसं गवतासाठी तळ्याचं पाणी उतरवायची काही गरज नाही. तळं भरलेलं सुंदर दिसतं, ते तसंच राहू दे. गवत लावत राहू, आणि एका बाजूला छोटासा धक्का..."

मला काळ्या चौकोनाबद्दल बोलायचं होतं. मी उठणार, तेवढ्यात दार उघडलं. बगळा आत आला. कोपरापर्यंत चिखल, हातात बादली. ती त्याने सरळ अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी आपले कागद पटकन उचलले.

"ही माझीच लागवड आहे," तो म्हणाला. त्याने गवताचा एक झुबका वर काढला. वर हिरवीगार पाती... खाली काळी, लिबलिबीत मुळं. वास पसरला तशा पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागे सरकल्या. "वरून हिरवी, खालून कुजलेली. आज सकाळी उपटली. मी रोज तिथे असतो, आणि मला दिसलं नाही. यांना दिसलं." त्याने माझ्याकडे मान वळवली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला चुकीचं सांगत होतात?" सचिवांनी विचारलं.

"हो," तो म्हणाला.

सारवासारव नाही, सबब नाही. नुसतं "हो". मला माहीत होतं, त्या एका शब्दाने त्याच्या हातून सगळंच जाऊ शकलं असतं — पाणथळही, नोकरीही.

"मुळांना हवा लागते," तो पुढे बोलू लागला. "पाणी बारा महिने तुडुंब राहिलं तर ती गुदमरतात. मग मी कितीही लावलं तरी मरणार. बांधाचं दार उघडून एक उन्हाळा पाणी उतरू द्या. चिखल उघडा पडेल, वास येईल, तळं कुरूप दिसेल. लोक तुम्हाला आणि मला शिव्या देतील. पण चिखलात झोपलेलं बी आपणहून उगवेल. त्यानंतर पुन्हा विमान पाठवा. तेव्हाही काळंच दिसलं... तर मग खुशाल धक्का बांधा."

अध्यक्षबाईंनी नाकावरचा रुमाल जरासा बाजूला केला. "आधी ती बादली बाहेर न्या," त्या म्हणाल्या. "मग मत घेऊ."

कुरकुर झाली, आवाज चढले. शेवटी एका उन्हाळ्यापुरतं पाणी उतरवायला समितीने होकार दिला.

तो बाहेरच्या नळावर हात धूत होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले. खिडकीतला साबण माझ्या बाजूला होता.

"साबण देता का?" तो खाली बघत म्हणाला.

"देता म्हणालास तर नाही देणार."

त्याने मान वर केली. "साबण दे."

दिला. तो कितीतरी वेळ तेच हात धूत राहिला.

"मी रागावलो नव्हतो तुझ्यावर," तो म्हणाला. "मला लाज वाटली. तुझ्यासमोर नेमकी... दुसऱ्या कुणासमोर एवढी वाटली नसती."

बांधाचं दार उघडलं. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला, आणि खरोखरच गावाने नाकाला रुमाल लावून आम्हाला शिव्या घातल्या. संध्याकाळी काम संपलं की मी बांधावर जायची. आम्ही फळ्यांवर शेजारी शेजारी पालथे झोपून चिखल न्याहाळायचो. एके दिवशी हिरवे ठिपके दिसले — न लावलेले, आपणहून आलेले. त्याने मला कोपराने हळूच ढोसलं. आम्ही बोलत खूप होतो — मुळं, मासे, आईच्या टाचण्या, त्याच्या ताईचे बल्ब. फक्त जे बोलायचं होतं तेवढं सोडून.

आणि मग माझं जायचं ठरलं. लांबच्या डोंगरांवरचा बर्फ किती वितळतोय ते मोजायला आमचं विमान, कॅमेरा आणि मी — पाच महिन्यांसाठी. तळ्याचे नवे फोटो परतल्यावरच काढायचे होते. असं काम मिळावं म्हणून मी किती दिवस डोळे लावून बसले होते! ते मिळालं, आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

निघायच्या सकाळी आभाळ भरून आलं. सामान चढवलं, काका आत जाऊन बसले, आणि धो धो पाऊस सुरू झाला. पलीकडचं हँगरही दिसेना. तेवढ्यात त्या पावसातून लांब लांब टांगा टाकत कुणीतरी येताना दिसलं. छत्री नाही, काही नाही. तो धावत येऊन विमानाच्या पंखाखाली शिरला. चष्म्याच्या दोन्ही काचांवरून पाणी गळत होतं.

"भिजलास की सगळा!"

"मला वाटलं, गेलीस."

"या पावसात? काका काय वेडे आहेत?"

पंखाच्या दोन्ही कडांवरून पाण्याच्या झालरी लोंबत होत्या. आम्ही मधे, कोरड्या पट्ट्यात. सिमेंटवर टपोरे थेंब फुटत होते, पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा वास एकत्र येत होता. मी ओढणीच्या टोकाने त्याचा चष्मा पुसायला घेतला. चष्म्याविना त्याचे डोळे अगदी उघडे, निराधार दिसत होते... आणि ते माझ्यावरच होते.

"मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला.

"सांग."

"मी वाटेत सगळं नीट जुळवून आणलं होतं. पावसात वाहून गेलं."

"उरलंय तेवढं सांग."

"उरलंय एवढंच की..." त्याने खोल श्वास घेतला, "...मला तू हवीयेस. कायमची. म्हणजे जाऊ नकोस असं नाही म्हणत मी. जा. बर्फ मोज. पण परत येशील ती माझ्याकडे ये."

मी पुसलेला चष्मा त्याच्या नाकावर चढवला.

"पाच महिने आहेत," मी म्हटलं.

"पाच महिने वाट बघीन."

"आणि त्यानंतर मी पुन्हा कुठेतरी जाईन. माझं कामच तसलं आहे. जंगल, नद्या, समुद्रकिनारे..."

"मग पुन्हा बघीन. अगं, बोटभर कोंब वर यायची वाट चिखलात पालथा पडून बघणारा माणूस आहे मी." तो आता हसायला लागला होता. "वाट बघण्यात माझा हात कोण धरणार?"

"मी धरते की," मी म्हटलं.

आणि धरला. गार, ओला, खरबरीत हात. बोटांच्या पेरांत अजून थोडा चिखल होताच. त्याने माझ्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि काय झालंय ते कळायला त्याला एक क्षण लागला. मग त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या.

किती वेळ तसे उभे होतो कोण जाणे. कॉकपिटची खिडकी सरकल्याचा आवाज आला.

"पाऊस थांबून बराच वेळ झालाय," काका बाहेर डोकावून म्हणाले. "पण माझी काही घाई नाही. चहा उरलाय अजून."

खिडकी पुन्हा बंद झाली.